खेळातून व्यायाम: दुखापतीतून सावरताना आणि ती टाळण्यासाठी

फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेला व्यायामाचा कागद पहिला आठवडाभर इमानेइतबारे पाळला जातो. दिवसातून तीनदा, दर वेळी दहा-दहा आवर्तनं. दुसऱ्या आठवड्यात तीनदाचं दोनदा होतं, सूज उतरली की एकदा, आणि नीट चालता यायला लागलं की तो कागद कुठे गेला हे कुणाला आठवतही नाही. खरं काम मात्र तिथूनच पुढे असतं. दुखायचा थांबलेला घोटा बरा झालेला असतोच असं नाही. त्याची ताकद आणि तोल मागे राहिलेले असतात, म्हणून तोच घोटा काही महिन्यांनी पुन्हा मुरगळतो.

खेळाचा उपयोग इथे होतो. ‘पन्नास वेळा वजन डावीकडून उजवीकडे न्या’ असं सांगितलं तर विसाव्यालाच नजर घड्याळाकडे वळते. तेच वजन हलवून पडद्यावरचा चेंडू भोकात पाडायचा असेल तर पन्नासचे ऐंशी कधी झाले कळत नाही. यात नुसती करमणूक नाही. ‘गुडघा असा वाकव, टाच तशी टेकव’ असं शरीराकडे लक्ष लावून शिकण्यापेक्षा बाहेरच्या लक्ष्याकडे, म्हणजे चेंडूकडे किंवा रेषेकडे लक्ष ठेवून केलेली हालचाल बहुतेक वेळा लवकर आणि सफाईदार जमते, असं हालचाल शिकण्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. शिवाय मन गुंतलं की वेदना कमी जाणवतात. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा आभासी खेळ वापरला तो याच कारणासाठी. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण बर्फाच्या दरीत हिमगोळे मारत असतो.

आता याचीच दुसरी बाजू. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. हातातला रिमोट हलवून खेळायच्या निन्टेन्डो वी या यंत्रावर तासन्‌तास टेनिस खेळल्यावर त्यांच्या खांद्यामागचा स्नायूबंध सुजला होता, आणि त्यांनी या दुखण्याचं नाव गमतीने ‘वीआयटिस’ ठेवलं. जो खेळ दुखणं विसरायला लावतो तोच ‘आता थांब’ हा शरीराचा निरोपही दाबून टाकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही एकच गोष्ट सांभाळण्यासाठी आहेत: गुंतायचं, पण लगाम आपल्या हातात ठेवून.

आधी तपासणी, मग खेळ

दुखापत ताजी असेल तर खेळाचा विचार नंतर. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे लागेल का हे ठरवायला जगभरचे डॉक्टर ‘ओटावा नियम’ वापरतात. दुखापत झाल्या झाल्या आणि तपासणीच्या वेळी चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यभागी असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा असं ते सांगतात. लंगडत चार पावलं टाकली तरी ती धरली जातात. गुडघा अडकणं, सांधा निखळल्यासारखा वाटणं, बधिरपणा, रात्री झोप मोडणारी वेदना, पोटरी एका बाजूने सुजून गरम होणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर.

डोक्याला मार लागला असेल तर गोष्ट वेगळी. पहिले ४८ तास पडद्यासमोरचा वेळ कमीत कमी ठेवावा, हलकं चालणं-फिरणं चालेल, असा सध्याचा सल्ला आहे. त्यानंतरही उड्या, झटके आणि हलती दृश्यं असलेले खेळ डॉक्टरांना विचारूनच.

फिजिओकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या. कोणती हालचाल अजिबात करायची नाही? सांधा किती अंशांपर्यंत वाकवायचा? पायावर किती वजन द्यायचं? शस्त्रक्रिया झाली असेल तर ही उत्तरं सर्जनकडून आलेली हवीत. खेळ निवडताना ती हाताशी ठेवायची, कारण पडद्याला तुमच्या टाक्यांची खबर नसते.

हालचाल निवडा, खेळ नंतर

नवखे लोक इथेच उलट करतात. आधी उपकरण घेतात आणि मग त्यातून आपल्या उपयोगाचं काय निघतं ते शोधतात. आधी एका वाक्यात लिहा: ‘मला हात खांद्याच्या वर न्यायचा आहे’, ‘एका पायावर अर्धा मिनिट उभं राहायचं आहे’, ‘बोटांत बारीक वस्तू पकडायची आहे’. जो खेळ ती हालचाल पुन्हा पुन्हा करायला लावतो तो तुमचा. बाकीचे कितीही रंगीत असोत.

उपकरणं काय मोजतात हे ठाऊक असलं की निवड सोपी होते. वी फिट या व्यायामाच्या खेळाबरोबर मिळायचा त्या, उभं राहायच्या बॅलन्स बोर्डात चार कोपऱ्यांत चार वजनमापक असतात आणि त्यावरून तुमचा भार कुठे पडतोय ते कळतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बोर्डाची मापं प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी, म्हणजे पायाचा दाब मोजणाऱ्या पाटाशी, चांगली जुळली होती. तोल आणि वजन सरकवणं यासाठी तो उत्तम, पण खांदा काय करतोय ते त्याला दिसत नाही. कॅमेऱ्यावर चालणारे खेळ सांधे ओळखतात, पण शरीर वळून एक अवयव दुसऱ्यामागे गेला की गोंधळतात. हातात धरायच्या रिमोटला फक्त स्वतःची हालचाल कळते. म्हणूनच सोफ्यावर लोळत मनगटाला झटका देऊनही टेनिसचा गुण मिळतो. आणि ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ या निन्टेन्डोच्याच व्यायामाच्या खेळाची एक गंमत: शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ठेवलेला त्याचा सायलेंट मोड जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवायला लावतो. ज्यांची वाटी दुखते त्यांनी तो सहज म्हणून चालू करू नये.

उपकरण नसलं तरी काही अडत नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या एव्हरेस्ट नावाच्या चाचणीत पक्षाघातातून सावरणारे १४१ रुग्ण दोन गटांत विभागले होते. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच. त्यावर एक गट वी खेळला आणि दुसरा पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांनी हाताच्या सुधारणेत दोन्ही गट सारखेच निघाले. या निकालाने पडद्याचे चाहते खट्टू झाले असतील, मला मात्र तो फार आवडतो. खेळ कशावर खेळलात याला महत्त्व कमी, हात किती वेळा आणि किती नेमका हलला याला जास्त.

घरातल्या वस्तूंतून काय काय होतं? हाताच्या बोटांसाठी पत्ते पिसणं-वाटणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावण्याची शर्यत, नाणी एकेक उलटवणं. खांद्यासाठी भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर आकड्यांचे कागद चिकटवायचे आणि कुणी आकडा पुकारला की बोट तिथवर न्यायचं. कमरेसाठी आणि मांड्यांसाठी खुर्चीच्या उंचीवर ठेवलेले पत्ते नितंब मागे नेत वाकून उचलायचे, जोडी लागली की गुण.

जागा

चारी बाजूंना हात पसरून मोकळं वळता येईल इतकी जागा. सतरंजी गुंडाळून ठेवा, वायरी भिंतीकडे सारा, मोज्यांवर खेळू नका. तोलाच्या खेळात मागे भिंत आणि बाजूला न घसरणारी, जड खुर्ची हवीच. रिमोटची दोरी मनगटात अडकवा. डोक्यावर चढवायचा, आभासी जग दाखवणारा व्हीआर चष्मा तोल बिघडलेल्या माणसाने सुरुवातीला बसूनच वापरावा. अपस्माराचे झटके येत असतील तर लुकलुकणाऱ्या दृश्यांच्या खेळांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर, कारण खेळणाऱ्याची नजर पडद्यावर असते, पायाखाली नसते.

पहिला आठवडा: घड्याळ लावून

सुरुवात दहा मिनिटांनी करा, त्यातली पहिली दोन नुसती अंग मोकळं करायची. गजर लावा. ‘ही एक लेव्हल संपवतो’ हे वाक्य मनात आलं की ओळखा, लगाम सुटतोय.

वेदनेला ० ते १० गुण द्या, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. पुनर्वसनात वापरली जाणारी एक सोपी पद्धत अशी: दोनपर्यंत निर्धास्त खेळा, पाचपर्यंत चालेल पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलेली हवी, पाचच्या वर गेली की थांबा. शस्त्रक्रियेनंतर मात्र सर्जनने घातलेली मर्यादा याच्याही आधी. मन गुंतल्यावर वेदना कमी जाणवतात हे आपण पाहिलंच, त्यामुळे खेळताना आलेल्या आकड्यावर अर्धाच विश्वास ठेवायचा. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर सांधा कालच्यापेक्षा जास्त आखडलाय किंवा सुजलाय? मग आज निम्मा वेळ, किंवा सुट्टी. तसाच आहे किंवा बरा आहे? मग आज कालच्याइतकंच.

दम किती लागावा? खेळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात घाम गाळणं हे उद्दिष्टच नाही.

गुण कुणाचे मोजायचे?

पडद्यावरचे गुण खेळ बनवणाऱ्याने ठरवलेले असतात आणि ते वेगाला, चपळाईला मिळतात. तुम्हाला हवी असते नीट झालेली हालचाल. दुखरा खांदा वर जात नसला की माणूस नकळत कमरेतून झुकतो, खांदा कानाकडे उचलतो, आणि हात लक्ष्यापर्यंत पोचतो. खेळ टाळ्या वाजवतो. खांद्याने काहीच केलेलं नसतं. गुडघ्याच्या दुखापतीनंतर उठाबशा काढताना सगळा भार चांगल्या पायावर जातो, तेही असंच. अशी चोरी वाईट हेतूने होत नाही. शरीर फक्त सोपी वाट धरतं.

म्हणून वहीत स्वतःचं गुणपत्रक ठेवा. एका रकान्यात नीट झालेल्या आवर्तनांचा आकडा, दुसऱ्यात खेळतानाची वेदना, तिसऱ्यात दुसऱ्या सकाळची. नीट म्हणजे काय ते फिजिओकडून एका वाक्यात लिहून घ्या: ‘गुडघा आत कोसळू न देता’, ‘खांदा न उचलता’. आठवड्यातून एकदा मोबाइल समोर आणि एकदा बाजूला ठेवून मिनिटभराचं चित्रीकरण करा. आरशापेक्षा ते बरं, कारण आरशात बघत खेळता येत नाही. घरातलं कुणी परीक्षक झालं तर आणखी चांगलं. चोरटं आवर्तन बाद करण्यात मुलांना भारी आनंद होतो.

एक पूर्ण उदाहरण: मुरगळलेला घोटा

हाड मोडलेलं नाही, लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) ताणलंय, डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली आहे, असं धरू.

सुरुवातीला बसून. पाय वर ठेवून अंगठ्याने हवेत आकडे काढायचे आणि समोरच्याने ओळखायचे. मग पावलाखाली छोटा चेंडू घेऊन तो जमिनीवर आखलेल्या वाटेने फिरवायचा, रेषेला लागला तर पुन्हा सुरुवात. यात वजन जवळजवळ नसतं आणि घोटा सगळ्या दिशांना हलतो.

उभं राहून पायावर भार देता यायला लागला की वजन सरकवण्याचे खेळ. बॅलन्स बोर्ड असेल तर त्यावरचे संथ खेळ निवडा, उडी मारायला लावणारे नकोत. बोर्ड नसेल तर दोन पायांखाली दोन साधे वजनकाटे ठेवा आणि दोन्हीवर सारखा आकडा आणून दहा सेकंद टिकवा. दुखरा पाय किती अंग चोरतो हे त्या आकड्यांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कशातून दिसत नाही. बाजूची खुर्ची हाताशी राहू द्या.

मग जमिनीवरचं घड्याळ. चिकटपट्टीने मोठं वर्तुळ आखून १ ते १२ आकडे लिहा, दुखऱ्या पायावर मध्यभागी उभे राहा, जोडीदार आकडा पुकारेल आणि तुम्ही दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने तो हलकेच शिवायचा. उभ्या पायाची टाच उचलली, हात टेकला किंवा शिवणाऱ्या पायावर भार आला तर गुण नाही. तीस सेकंदांत किती जमले ते लिहा. मग पाय बदला. चांगल्या पायाचा आकडा हे तुमचं लक्ष्य, आणि सुरुवातीला दोघांतला फरक पाहून बहुतेकांचे डोळे उघडतात. घड्याळ सोपं वाटायला लागलं की एकाच वेळी एकच गोष्ट अवघड करायची: वर्तुळ मोठं करा, किंवा पायाखाली दुमडलेलं ब्लँकेट घाला, किंवा आकडे पुकारताना मध्येच चेंडू फेका. तिन्ही एकदम केलं आणि दुसऱ्या दिवशी घोटा सुजला तर दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

शेवटी उड्या. आधी दोन पायांवर चौकोनातून चौकोनात, मग दुखऱ्या पायावर लंगडी, मग दिशा बदलत, आणि सगळ्यात शेवटी कुणी ऐनवेळी दिशा पुकारेल तशी. खेळताना घोटा मुरगळतो तो असाच अचानक, त्यामुळे अनपेक्षितपणाचा सराव न करता मैदानात उतरणं म्हणजे अर्धवट तयारी.

हे सगळं किती दिवस? २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवरचा एक अभ्यास आला. त्यातल्या निम्म्यांनी नेहमीच्या उपचारांनंतर घरीच आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात घोटा पुन्हा मुरगळण्याचा त्यांचा धोका दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला. म्हणजे दुखणं गेल्यावरही दोन महिने हाती धरा.

वय झालेल्यांसाठी

पडणं टाळण्याच्या बाबतीत एक चांगला पुरावा हाती आहे. २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ६५ वर्षं आणि त्यापुढचे ७६९ जण होते. जे घरी पायाखालच्या चटईवर पावलं टाकत पडद्यावरचे खेळ खेळले, त्यांचं पडण्याचं प्रमाण वर्षभरात २६ टक्के कमी झालं. तसेच खेळ बसून, हाताने खेळणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. पाऊल पटकन आणि नेमकं टाकण्यातच फायदा आहे. आजी-आजोबांना मोबाइलवर कोडी सोडवायला देऊन पडणं टळेल या भ्रमात राहू नये. सुरुवात ओट्याला किंवा जड टेबलाला हात टेकून करा, घरात कुणी असताना करा, आणि चक्कर आणणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगून.

दुखापत नसताना

मैदानी खेळ खेळणाऱ्यांनी हेच वॉर्म-अपमध्ये घालावं. फुटबॉलसाठी बनवलेला ‘११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम धावणं, ताकद, तोल आणि उड्या एकत्र बांधतो. त्यात जोडीदाराला एका पायावर उभं राहून तोल ढळेपर्यंत हलकेच ढकलण्यासारखे भाग आहेत, ते मुळातच खेळ वाटतात. नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कार्यक्रमाने एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला. अट एकच, आठवड्यातून किमान दोनदा आणि हंगामभर. फक्त मोठ्या सामन्याआधी केलेल्या वॉर्म-अपकडून ही अपेक्षा धरू नये.

मैदानावर परत कधी?

खेळाने ‘लेव्हल पूर्ण’ म्हटलं म्हणून नाही. पायाच्या दुखापतीनंतर एका पायावरची लांब उडी दोन्ही पायांनी मोजून पाहा. दुखरा पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के अंतर गाठतोय का, हा नेहमी वापरला जाणारा निकष आहे. तो एकटा पुरेसा नाही, कारण महिनोन्‌महिने विश्रांती घेऊन चांगला पायही ढिला पडलेला असतो. गुडघ्याच्या आतल्या एसीएल नावाच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर तर नऊ महिन्यांच्या आत धावपळीच्या खेळात उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो, मग उडी कितीही लांब जावो. वही, उड्यांची मापं आणि चित्रीकरण घेऊन फिजिओकडे जा, आणि परवानगी त्यांच्याकडून घ्या. मिळाली की पहिला आठवडा निम्मा वेळ खेळा, घड्याळाचा खेळ आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवा, आणि वहीतला दुसऱ्या सकाळचा रकाना आणखी महिनाभर भरत राहा.